वाचकांचे प्रश्न : आठव्या नसेवरची साधी गाठ

मागील अंकात एकाच कानाने कमी ऐकू येण्याविषयीच्या लेखात 'व्हेस्टिब्युलर श्वॉनोमा' या गाठीचा ओझरता उल्लेख होता. ऐकण्याची आणि तोलाची माहिती कानाकडून मेंदूकडे नेणाऱ्या आठव्या नसेवर होणारी ही साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. काहींच्या रिपोर्टवर 'अकूस्टिक न्यूरोमा' असं लिहिलेलं आहे; गाठ तीच, गोंधळून जाऊ नका.

पत्नीचं वय ५२. वर्षभर उजव्या कानात शिट्टीसारखा आवाज येतो, फोनवर त्या कानाने शब्द कळत नाहीत. एमआरआयमध्ये कानाच्या नलिकेतच असलेली ९ मिमीची गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. डोक्यात गाठ ठेवून स्वस्थ कसं बसायचं? — नाशिक

तुमची घालमेल समजते, पण डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. कारण असं.

कानामागच्या टणक हाडात साधारण १ सेंमी लांबीची एक अरुंद नलिका असते. तिच्यातून चार नसा जातात : ऐकण्याची एक, तोलाच्या दोन आणि चेहरा हलवणारी एक. आतल्या कानाला रक्त पुरवणारी बारीक धमनीही त्यांच्यासोबत असते. तुमच्या पत्नीची गाठ अजून या नलिकेतच आहे. मेंदूच्या खोडापर्यंत ती पोचलेली नाही, म्हणजे जिवाला धोका असल्याची स्थिती नाही.

यांतल्या बऱ्याच गाठी वाढतच नाहीत. २००६ साली डेन्मार्कमधून ५५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नलिकेतल्या गाठींपैकी फक्त १७ टक्के नलिकेबाहेर वाढल्या. आधीच बाहेर आलेल्या गाठींपैकी २९ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. वाढ दिसली ती बहुतेक निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत. नॉर्वेत १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. २ सेंमीपेक्षा लहान गाठ असलेल्यांपैकी निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर किरणांचा नेमका मारा) दिली, उरलेल्यांवर नुसतं लक्ष ठेवलं आणि गाठ वाढली तरच उपचार केले. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या गाठी आकाराने लहान होत्या, पण ऐकू येणं, तोल आणि रोजचं जगणं यांत दोन गटांत ठळक फरक नव्हता. घाई करून मिळतं काय, तर मुख्यतः स्कॅनवरचा आकडा, असं आमचं मत आहे.

आता सहा महिन्यांनी काय बघायचं ते. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने स्कॅन करा आणि जुनी सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. नव्या-जुन्या प्रतिमा शेजारी ठेवून त्याच दिशेने मोजमाप व्हायला हवं. २ मिमीपेक्षा कमी फरक हा मोजण्यातला फरक असू शकतो. वाढ झाली असं सहसा २ मिमीपासून पुढे म्हणतात. मात्र हे २ मिमी किरकोळ समजू नका. ९ मिमीची गोल गाठ ११ मिमीची झाली, तर तिचं घनफळ ८० टक्क्यांहून जास्त वाढलेलं असतं. म्हणूनच आता अनेक ठिकाणी व्यासाबरोबर घनफळही मोजतात. रेडिओलॉजिस्टकडे तशी मागणी करायला हरकत नाही. पहिल्या सहा महिन्यांनंतर साधारण वर्षाला एक स्कॅन, पाच वर्षांनंतर अंतर वाढवत जायचं. प्रत्येक वेळी गॅडोलिनियमचं (गाठ स्कॅनवर उठून दिसावी म्हणून देतात ते) इंजेक्शन लागतंच असंही नाही. पातळ छेदांची टी-टू प्रतिमा (इंजेक्शनशिवाय काढता येणारी एमआरआयची एक प्रतिमा) अनेकदा पाठपुराव्याला पुरते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आधी विचाराच.

दरम्यान चेहऱ्याचा एक भाग बधिर होणं, चालताना एका बाजूला झोकांडी जाणं, एकाच्या जागी दोन दिसणं, सकाळी डोकेदुखीबरोबर उलट्या, यांतलं काही झालं तर सहा महिने थांबायचं नाही.

मी बी.एस्सी.ला आहे. या गाठीत पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं? साधी गाठ साधीच का राहते? — कोल्हापूर

नसेतला प्रत्येक तंतू चरबीयुक्त मायलिनच्या थरांनी वेढलेला असतो आणि त्यामुळे संदेश वेगाने जातो. मेंदूच्या आत हे थर ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी चढवतात, मेंदूबाहेरच्या नसांमध्ये श्वॉन पेशी. बहुतेक कपालनसांत ही हद्द मेंदूच्या अगदी जवळ असते. आठव्या नसेत ती बरीच पुढे, हाडातल्या नलिकेच्या तोंडाशी किंवा आत सरकलेली असते. गाठ या हद्दीजवळ किंवा तिच्याही पुढे, तोलाच्या पेशींचा जो गुच्छ नलिकेत असतो (स्कार्पाचा गँग्लियन) त्याच्या आसपास सुरू होते. जवळपास नेहमीच ती तोलाच्या एका फांदीवरच्या श्वॉन पेशीतून निघते, ऐकण्याच्या फांदीवरून क्वचितच.

बिघाड आहे २२व्या गुणसूत्रावरच्या एनएफ-टू जनुकात. हे जनुक १९९३ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं शोधून काढलं. त्यापासून ५९५ अमिनो आम्लांचं 'मर्लिन' नावाचं प्रथिन तयार होतं. पेशीचं बाह्यपटल आणि त्याच्या आतल्या बाजूचा ॲक्टिनचा सांगाडा यांच्यामध्ये ते बसतं आणि शेजारच्या पेशीशी संपर्क आला, आता विभाजन थांबवा, हा निरोप आत पोचवतं. त्यासाठी ते हिप्पो नावाची संदेशसाखळी चालू ठेवतं. ही साखळी चालू असली की याप हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडवलं जातं. मर्लिन गेलं की याप केंद्रकात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. शिवाय रॅक, पॅक आणि एम-टॉर या वाढीच्या मार्गांवरचा अंकुशही सुटतो. आणखी एक बारकावा बघ. पॅक हे एन्झाइम मर्लिनच्या ५१८व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट जोडतं, की मर्लिन निष्क्रिय होतं. म्हणजे मर्लिन पॅकला आवरतं आणि पॅक मर्लिनला. एकाचा तोल ढळला की दुसऱ्याचाही जातो.

प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. गाठ व्हायला दोन्ही जाव्या लागतात. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका कर्करोगावरून मांडलेली 'दोन आघातां'ची कल्पना इथे चपखल लागू पडते. बहुतेकदा एका प्रतीत छोटा बदल होऊन प्रथिन अर्धवटच तयार होतं आणि दुसरी प्रत २२व्या गुणसूत्राच्या तुकड्यासकट हरवते. एकाच श्वॉन पेशीत आयुष्यात कधीतरी हे दोन्ही घडलं की तिच्या वंशजांची गाठ होते. म्हणूनच ती साधारण चाळिशी ते साठीत, एकाच बाजूला आणि घराण्यात कुणाला नसताना आढळते.

साधी का राहते, याचं उत्तर यातच आहे. कर्करोगाच्या पेशीत एकावर एक बिघाड साचत जातात : डीएनएची दुरुस्ती बंद पडते, शेजारच्या ऊतीत घुसण्याची आणि रक्तातून पसरण्याची क्षमता येते. श्वॉनोमात मर्लिन जाण्यापलीकडे फारसे बदल सापडत नाहीत. पेशी जास्त होतात, पण त्या श्वॉन पेशीच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारचे भाग दिसतात. अँटोनी-ए भागात लांबट पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. कुठे कुठे त्यांची केंद्रकं दोन समांतर रांगांत लागून मधे केंद्रक नसलेला गुलाबी पट्टा राहतो, ती व्हेरोके पिंडं. अँटोनी-बी भाग सैल, पाणचट, विरळ पेशींचा. एस-१०० प्रथिनासाठी रंगवलं की गाठ जोरदार रंग धरते.

गाठ फुगण्यामागे दरवेळी पेशींची संख्याच असते असं मात्र नाही. वाढणाऱ्या गाठींत मॅक्रोफेज या रक्षक पेशी बरेचदा खूप जास्त सापडतात. दाह, नव्या गळक्या रक्तवाहिन्या, आत साचलेलं पाणी, कधी रक्तस्राव यांमुळेही आकार वाढतो. पाण्याच्या पोकळ्या असलेल्या गाठी एकाएकी फुगू शकतात, त्यांच्यावर जास्त बारीक नजर ठेवावी लागते.

वडिलांची गाठ २.६ सेंमीची, तरी ऐकायला जवळपास ठीक. ओळखीच्या एका बाईंची ६ मिमीची, त्यांचा कान पूर्ण गेला. हे कसं? — पुणे

आकार आणि बहिरेपण यांचा सरळ हिशेब नाही. नलिकेच्या आतल्या टोकाशी, अगदी कमी जागेत असलेली ६ मिमीची गाठ ऐकण्याची नस आणि ती बारीक धमनी दोन्ही दाबू शकते. या धमनीला पर्यायी वाट नाही. तिचा रक्तपुरवठा तुटला की ऐकणं काही तासांतही जाऊ शकतं. नलिकेच्या तोंडापासून बाहेरच्या मोकळ्या जागेत वाढलेली गाठ मात्र बराच काळ नसेला धक्का न लावता मोठी होते. मेंदूचं खोड आणि लहान मेंदू यांच्याजवळची ही जागा. एमआरआयवर तिथे दिसणाऱ्या गाठीला रेडिओलॉजिस्ट 'कोनावरचं आइस्क्रीम' म्हणतात : कोन नलिकेत, गोळा बाहेर.

दाबाशिवाय आणखी एक कारण आहे. गाठीतून टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्यं झिरपतात, आतल्या कानातल्या द्रवात प्रथिनांचं प्रमाण वाढतं आणि तिथल्या केसपेशींना इजा होते. म्हणूनच गाठ मिलिमीटरभरही न वाढता ऐकणं कमी होत गेलेले रुग्ण असतात. स्कॅन 'जैसे थे' आला तरी दर वेळी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, तोही शब्द ओळखण्याच्या चाचणीसह. नुसते सूर ऐकू येतात पण शब्द उलगडत नाहीत, ही या नसेच्या आजाराची खास खूण आहे.

वडिलांच्या बाबतीत ऐकू येतंय म्हणून निश्चिंत राहू नका. २.६ सेंमीची गाठ मेंदूच्या खोडाला टेकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. निर्णय तिथल्या दाबावरून घ्यायचा. न्यूरोसर्जन आणि कानाच्या नसांवर काम करणारे ईएनटी सर्जन या दोघांचंही मत घ्या.

गाठ तोलाच्या नसेची, मग मला चक्कर का येत नाही? — रत्नागिरी

दोन्ही कानांच्या तोलाच्या नसा आपण स्थिर असतानाही सतत संदेश पाठवत असतात आणि मेंदू दोन्हीकडची तुलना करतो. एक बाजू अचानक बंद पडली तर जग गरगरतं. गाठीमुळे ती बाजू इतकी हळू मंदावते की लहान मेंदू वर्षानुवर्षं हिशेब जुळवत राहतो. कमतरता जाणवते ती अंधारात, उतारावर किंवा झटकन मान वळवल्यावर.

अस्थिर वाटत असेल तर हा व्यायाम उपयोगी पडतो. हातभर अंतरावर एक अक्षर डोळ्यांसमोर धरायचं, नजर त्यावरून ढळू न देता मान डावी-उजवी हलवायची. एका वेळी मिनिटभर, दिवसातून तीन-चार वेळा. अक्षर पुसट दिसू लागलं तर वेग थोडा कमी करायचा. सुरुवातीला थोडं गरगरणं अपेक्षितच आहे, त्यातूनच मेंदू शिकतो. चक्करेवरच्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर हे शिकणं मंदावतं. त्या मोजके दिवसच घ्यायच्या असतात.

मोबाइलमुळे ही गाठ होते का? मुलगा दिवसभर फोन कानाला लावून असतो. — डोंबिवली

तसा पुरावा नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. त्याचा आधार मर्यादित पुरावा होता आणि त्यात या गाठीचाही उल्लेख होता. त्यानंतरच्या मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या पाहण्यांत संबंध दिसला नाही. या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जाही नसते. जुन्या अभ्यासांत एक घोळ असायचा : गाठीमुळे एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं की माणूस नकळत फोन दुसऱ्या कानाला लावू लागतो, मग कोणत्या बाजूला जास्त वापर झाला याची नोंदच चुकते. लहानपणी डोक्याला दिलेल्या क्ष-किरण उपचारांमुळे मात्र धोका वाढतो, हे नक्की माहीत आहे. मुलाच्या कानाची काळजी करायचीच असेल तर इयरफोनच्या मोठ्या आवाजाची करा.

निदान बायोप्सीशिवाय कसं केलं? — अमरावती

एमआरआयचं चित्र बहुधा पुरेसं बोलकं असतं आणि त्या जागी सुई घालणं म्हणजे शेजारच्या चेहऱ्याच्या नसेला धोका. रुंद बुडाने हाडावर बसलेली गाठ मेनिंजिओमाची (मेंदूच्या आवरणातून निघणारी गाठ), डिफ्यूजन या एमआरआय प्रतिमेत चकाकणारी एपिडर्मॉइडची (त्वचेसारख्या पेशींची पुटी) शंका देते. रेडिओलॉजिस्ट हे तपासूनच रिपोर्ट लिहितात.

गॅमा नाइफनंतर नऊ महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसते. उपचार फसले का? — सातारा

इतक्यात तसं म्हणता येणार नाही. गॅमा नाइफ हा रेडिओसर्जरीचाच एक प्रकार. त्यात गाठीच्या कडेला साधारण १२ ते १३ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका डोस एकाच बैठकीत दिला जातो. त्याने पेशींचा डीएनए तुटतो, पण पेशी लगेच मरत नाही. पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते. या पेशी मुळातच सावकाश विभाजित होणाऱ्या, त्यामुळे परिणाम दिसायला वर्षं लागतात. त्याआधी गाठीतल्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, दाहाच्या पेशी आत येतात, सूज येते. सहा ते अठरा महिन्यांत आकार वाढून नंतर कमी होणं हे नेहमी दिसतं. गॅडोलिनियम दिल्यावर गाठीचा मधला भाग काळसर दिसतोय का, हे रिपोर्टमध्ये बघा. तो भाग रक्ताविना पडल्याची ती खूण.

खरं अपयश ठरवायला साधारण तीन वर्षं सलग स्कॅन लागतात. दहापैकी नऊहून अधिक गाठी पुढे आटोक्यात राहतात. या सुजेच्या काळात घाईने शस्त्रक्रिया केली तर चेहऱ्याच्या नसेला गाठ जास्त चिकटलेली सापडते, तेव्हा सबळ कारणाशिवाय तसं करू नये. सबळ कारण म्हणजे मेंदूच्या खोडावर दाब, डोक्यात पाणी साठणं, वाढत जाणारं असंतुलन. चेहरा बधिर झाला किंवा तोल बिघडला तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड देतात.

गाठ विरघळवणारं औषध, काढा, पथ्य? — लातूर

एका बाजूच्या गाठीसाठी सिद्ध झालेलं औषध नाही. न वाढणाऱ्या गाठी मुळातच निम्म्याहून अधिक, त्यामुळे काढा घेणाऱ्याची गाठ स्थिर राहिली की श्रेय काढ्याला जातं. त्याच्या भरवशावर पुढचा स्कॅन चुकवणं, धोका तिथे आहे.

भावाला २४व्या वर्षी दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. आम्हा भावंडांना, पुढे मुलांना होईल का? — शारजा

दोन्ही बाजूंना गाठी म्हणजे एनएफ-टू जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असण्याची शक्यता. २०२२ पासून या आजाराला 'एनएफ-टू संबंधित श्वॉनोमॅटोसिस' म्हणतात. जन्मणाऱ्या साधारण २५ ते ३३ हजार बाळांत एखाद्याला तो असतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के.

पण जवळपास निम्म्या रुग्णांत आईवडिलांकडून काहीच आलेलं नसतं, बदल त्यांच्यातच नव्याने झालेला असतो. त्यातही काहींत तो गर्भ वाढत असताना झालेला असतो, म्हणजे शरीराच्या काहीच पेशींत. मग रक्ताची तपासणी निगेटिव्ह येते. शस्त्रक्रिया झाली असेल तर गाठीचा जपलेला नमुना तपासून दोन वेगवेगळ्या गाठींत तोच बदल सापडतो का ते बघतात. भावाचा बदल सापडला की तेवढीच नेमकी चाचणी तुम्हा भावंडांची होते. ती निगेटिव्ह आली तर तुम्हाला वार्षिक स्कॅनची गरज नाही. आधी जनुक-समुपदेशकाला भेटा, चाचणी नंतर.

भावाचा पूर्ण मेंदू आणि मणक्याचा एमआरआय व्हायला हवा. मेनिंजिओमा आणि मणक्यातल्या गाठीही सोबत असतात. डोळेही तपासा, कमी वयातला मोतीबिंदू या आजारात आढळतो. वाढणाऱ्या गाठींसाठी बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन काहींत ऐकणं सुधारतं. ते रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफला अडवतं. ते चालू असेपर्यंत रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासत राहावं लागतं आणि बंद केलं की गाठ पुन्हा वाढू शकते. ब्रिगॅटिनिब या गोळीने काही गाठी आकसल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आहेत.

आणि एक गोष्ट त्याला आजच सांगा : एकट्याने पोहायचं नाही, समुद्रात तर नाहीच. दोन्हीकडची तोलाची नस मंदावलेला माणूस पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे ओळखू शकत नाही. पट्टीचे पोहणारेही अशा वेळी बुडतात.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाने एमआरआय करायचा का? — पणजी

आधी ऑडिओग्राम. दोन कानांत लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींवर १५ डेसिबल किंवा अधिक फरक असेल, शब्द ओळखणं एका बाजूला वाजवीपेक्षा खराब असेल किंवा एकाच कानात सतत आवाज असेल, तर एमआरआय करावा. अशांपैकी शंभरात एक ते तिघांतच ही गाठ निघते, त्यामुळे तपासणी होईपर्यंत झोप उडवून घेऊ नका. आवाज ऐकवून नसेतले विद्युतसंदेश मोजणाऱ्या 'बेरा' या तपासणीत १ सेंमीपेक्षा लहान गाठी निसटू शकतात. ती नॉर्मल आली म्हणून थांबू नये.

ऐकणं एकाएकी, दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो. गोळ्यांनी ऐकू येऊ लागलं तरी एमआरआय टाळू नका, कारण गाठ असूनही स्टेरॉइडने ऐकणं सुधारू शकतं.